मास्टर भगवानचे डबे शोधा : चित्रपट संग्रहालयाला आणि सांस्कृतिक कार्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ – राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे
आणि
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

स. न. वि. वि.

१ ऑगस्टला, जयंतीला, भगवानदादांची, म्हणजे मास्टर भगवान यांची, आठवण निघते. मोबाइलवर 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' फिरतं, कुणीतरी अमिताभ बच्चन यांनी ती नाचाची ढब उचलल्याचं सांगतं, आणि मग ती ठरलेली कहाणी: जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात गाड्या, आणि शेवटी दादरच्या चाळीतल्या खोल्या. ४ फेब्रुवारीला, पुण्यतिथीला, हेच सगळं पुन्हा, फक्त हळहळ जास्त. माणूस एका गाण्यात आणि एका दिवाळखोरीत बसवून टाकलाय आपण. मधला दिग्दर्शक कुठे गेला, असं कुणी विचारत नाही. तो प्रश्न मी तुम्हाला विचारतोय, आणि चारचौघांत विचारतोय, कारण जुन्या फिल्मचे डबे आजही तुमच्याकडे कमी आणि चारचौघांच्या माळ्यांवर जास्त असतील अशी माझी खात्री आहे.

भगवान आबाजी पालव. जन्म १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार. मुलगा परळ-दादर भागात वाढला, तालमीत घुमला, अंगमेहनतीची कामं केली आणि मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत पडद्यावर शिरला. १९३८ मध्ये चंद्रराव कदमांबरोबर 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला, तेव्हा वय होतं पंचविशीच्या आत. त्यानंतर 'अलबेला' येईपर्यंतची तेरा वर्षं हा माणूस चित्रपटामागून चित्रपट काढत होता. 'क्रिमिनल', 'बदला', 'बहादूर', 'मददगार', 'शेक हँड्स', 'लालच', 'जिगर', 'भेदी बंगला'. नावं वाचूनच कळतं आत काय असणार: दरोडे, सूड, तळघरं, बुरखाधारी, घोड्यावरून उडी, आणि शेवटी मनसोक्त हाणामारी. मधेच मद्रासेकडे जाऊन 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' हे तमिळ चित्रपटही केले. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती याच तमिळ चित्रपटांत. ज्यांना पुढे सगळा देश सी. रामचंद्र म्हणून ओळखू लागला, ते आपले अण्णा एका स्टंटपटवाल्याच्या हाताखाली उभे राहिले, हे आपल्या संगीतरसिकांना तरी ठाऊक असायला हवं.

१९४२ मध्ये स्वतःची जागृती पिक्चर्स, १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ. हे सगळं तुटपुंज्या पैशांत. पासष्ट हजारांत चित्रपट पुरा करायचे, असं सांगतात. कपडेपट आणि जेवणखाणापर्यंतचा हिशेब स्वतः बघायचे. नायकही बऱ्याचदा स्वतःच, आणि मारही स्वतःच खायचे. बाबूराव पहिलवानांसारखे तालमीतले गडी सोबतीला. डुप्लिकेट परवडत नव्हता, म्हणून पडद्यावर पडलेला माणूस खरोखर पडलेला असायचा. आता कुणी म्हणेल, यात कला कुठली? माझ्या मते कला इथेच होती. जवळ काही नसताना गोष्ट पळती ठेवायची, पिटातल्या माणसाला बाकावरून उठवायचं, आणि पुढच्या महिन्यात नवा चित्रपट सुरू करायचा. त्या काळच्या इंग्रजी सिनेमासिकांनी स्टंटपटांकडे पाहून नाकं मुरडली. मुरडू देत. पण सरकारी संग्रहालयानेही तीच नाकं वारशात घ्यावीत, हे मला मान्य नाही.

राज कपूरनी त्यांना सांगितलं की मारामारी सोड, सामाजिक चित्रपट कर. त्यातून १९५१ चा 'अलबेला' झाला आणि तो तुफान चालला. पुढे 'झमेला', 'भागम भाग', 'लाबेला', आणि किशोरकुमारना घेऊन केलेला 'हंसते रहना', जो पुरा झालाच नाही आणि दादांना घेऊन बुडाला. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे थांबत नाही.

मला दादांचा देव करायचा नाही. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्यांच्या हातची थप्पड ललिता पवारांना अशी बसली की चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डोळा कायमचा अधू झाला आणि त्यांचं नायिकापद संपलं. ज्या पद्धतीचं कौतुक मी वर केलं, त्याच पद्धतीची ती किंमत होती, आणि ती दुसऱ्याने मोजली. हेही इतिहासातच यायला हवं. पण इतिहास लिहायचा कशावरून? किश्श्यांवरून?

आता माझा संबंध सांगतो. माझे वडील टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. पुसेगावची सेवागिरीची यात्रा, पालीचा खंडोबा, म्हसवडचा सिद्धनाथ, असा त्यांचा मुक्काम हलत असे. तंबूत काय चालतं हे त्यांना शहरातल्या वितरकापेक्षा जास्त कळायचं. धार्मिक चित्रपट बायकांसाठी, सामाजिक पाहुण्यारावळ्यांसाठी आणि स्टंटपट रात्रीच्या शेवटच्या खेळाला, जेव्हा गडीमाणसं दिवसभराचं काम उरकून येत. मास्टर भगवानचे १९४०च्या दशकातले चित्रपट मुंबईच्या थिएटरांतून केव्हाच उतरले होते, तरी त्यांच्या झिजलेल्या प्रिंटा यात्रांतून पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिल्या. फिल्म तुटली की वडील कात्रीने दोन्ही कडा साफ करायचे, ब्लेडने फिल्मवरचा मसाला खरवडायचे, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोड द्यायचे. कापलेले तुकडे आम्हा पोरांना. भिंग आणि आरसा घेऊन उन्हात बसलं की घराच्या भिंतीवर सिनेमा उभा राहायचा, फक्त तो हलायचा नाही.

त्यातला एक तुकडा माझ्याकडे अजून आहे. सलग चार फ्रेम. म्हणजे पडद्यावरच्या एका सेकंदाचा सहावा भाग. कौलांच्या कडेवरून एक माणूस खाली झेपावलाय, खाली घोड्याची मान दिसते. पहिल्या फ्रेमपासून चौथ्यापर्यंत तो माणूस जेमतेम बोटाच्या पेरभर खाली येतो. मागे गवती छपराच्या सावलीत एक बाई उभी आहे आणि तिचं तोंड चौथ्या फ्रेमपर्यंत उघडत जातं. उडी मारणारा मास्टर भगवान, असं वडील सांगायचे. फिल्मच्या काठावर बारीक इंग्रजी अक्षरांत 'नायट्रेट' छापलेलं आहे, म्हणजे जुन्या काळची, झटकन पेटणारी फिल्म. गेल्या काही वर्षांत तिला उग्र वास यायला लागलाय, एका कडेला चिकटपणा आलाय, आणि तिसऱ्या फ्रेममधला घोडा पिवळा पडत चाललाय. ज्यांना नायट्रेटची माहिती आहे त्यांना याचा अर्थ कळेल. आधी चिकटते, मग फुगते, शेवटी तपकिरी भुगा होतो, आणि त्याच्या आधी कधीही पेटू शकते. एकदा पेटली की पाण्याने विझत नाही.

हा तुकडा द्यायचा कुठे, म्हणून मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. नाव लिहीत नाही. तिथे मला विचारलं गेलं, "पूर्ण पिक्चर आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग पोस्टाने पाठवा, बघू." नायट्रेट फिल्म पोस्टाने! टपालखात्याचं नशीब की मी ऐकलं नाही.

माझ्याकडे आणखी एक वस्तू आहे. थिएटरबाहेर विकायची गाण्यांची चोपडी, अशाच एका स्टंटपटाची. आत कथासार आहे. नायकाच्या बापाचा खून होतो, इस्टेट खलनायक लाटतो, नायिका कैदेत पडते, आणि नायक बुरखा चढवून किल्ल्याच्या भिंतीशी येऊन पोचतो. मग ओळ येते: पुढे काय झालं ते पडद्यावर पहा. त्या काळच्या जवळजवळ सगळ्या चोपड्या अशाच संपतात, धंद्याची रीत होती ती. आज नायक त्या भिंतीशी तसाच उभा आहे, आणि पुढचं सांगणारा पडदाच गेला. त्या पिढीच्या प्रेक्षकांपैकी फार थोडे उरलेत, त्यांनाही शेवट आठवतोच असं नाही.

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

सर्वांत मोठी ही, की स्टंटपट आपल्याकडे वारसा मानलेच गेले नाहीत. 'अलबेला'पूर्वीच्या भगवानदादांच्या बहुतेक चित्रपटांचं सामान गोरेगावच्या एका गोदामाला लागलेल्या आगीत गेलं. त्याच गोरेगावात पुढे दादासाहेब फाळक्यांच्या नावाने शासनाने चित्रनगरी उभी केली. बांधायला आपल्याला जेवढं आवडतं तेवढं जपायला आवडत नाही. त्या आगीची ना चौकशी झाल्याचं कुणाला आठवतं, ना काय जळालं याची यादी कुठे दिसते. याउलट २०१७ मध्ये चेंबूरचा आर. के. स्टुडिओ पेटला तेव्हा देशभर अग्रलेख आले, आणि यायलाच हवे होते. पण त्याच चेंबूरमध्ये आर. के.च्या आधी गिरणी कामगाराच्या पोराने बांधलेला जागृती स्टुडिओ होता, हे त्या अग्रलेखांत मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

आग हे कारण पुढे करून तुम्ही हात झटकू शकत नाही, कारण आग फक्त निगेटिव्ह खाते. प्रिंटा चारी दिशांना गेलेल्या असतात. एकेका चित्रपटाच्या डझनभर प्रिंटा वितरकांकडे, तिथून छोट्या थिएटरांत, तिथून तंबूत. कितीतरी फिल्ममधल्या चांदीसाठी विकल्या गेल्या, भट्टीत गेल्या. पण सगळ्या गेल्या असं समजणं हा आळस झाला. तुमच्याच संस्थेचा संग्रह उभा करणारे पी. के. नायर हे असं समजून बसले असते तर फाळक्यांचा 'कालिया मर्दन' आज आपल्याला दिसला नसता. ते नाशिकला गेले, फाळके कुटुंबीयांना भेटले, रिळं मिळवली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचं नाव झालं ते खुर्चीत बसून आलेले डबे मोजल्यामुळे नव्हे.

आणि सुरक्षित म्हणवणाऱ्या जागाही सुरक्षित नसतात, हे पुण्याने पाहिलंय. ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठारात आग लागली आणि प्रभातच्या मूळ फितींसकट जुनं नायट्रेट भस्मसात झालं. म्हणून जे बाहेर आहे ते आत आणण्याइतकीच, आत आणलेल्याची लगेच प्रत काढण्याची घाई करा.

दुसरी तक्रार पैशांबद्दल. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली २०२२ मध्ये चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये आणि सुमारे २,२०० चित्रपट अशी घोषणा झाली. मोठी गोष्ट आहे, मी टाळ्या वाजवल्या. पण जीर्णोद्धार त्याचाच होतो जे हाताशी आहे. शोधमोहिमेसाठी वेगळा पैसा, वेगळी माणसं, गाडी, आणि मुख्य म्हणजे नायट्रेट सुखरूप उचलून आणण्याची सोय नसेल, तर जे आधीच नावाजलेलं आणि जपलेलं आहे तेच आणखी चकचकीत होत राहणार. सत्यजित राय पुन्हा पुन्हा उजळोत, माझी ना नाही. पण रायांच्या चित्रपटांना वाली आहेत.

वाली असले की काय होतं, याचं उदाहरण स्टंटपटांतच आहे. वाडिया बंधूंच्या कंपनीचे स्टंट-नायिका नादियाचे चित्रपट, 'मिस फ्रंटियर मेल', 'डायमंड क्वीन', आज बघायला मिळतात आणि परदेशातल्या महोत्सवांतही गाजतात. कारण वाडियांच्या पुढच्या पिढ्यांनी ते जपले, १९९३ मध्ये त्यावर माहितीपट केला, लोकांना पुन्हा दाखवले. दादांकडे गोदामाचं भाडं भरायची ऐपत उरली नव्हती. म्हणजे कुठला चित्रपट टिकणार हे कुटुंबाच्या बँकखात्यावर ठरलं. सरकारी संग्रहालय असतं ते नेमकं यासाठी की तसं ठरू नये.

बाहेरच्या देशांत या जातीच्या सिनेमाची काय कदर झाली तेही सांगतो. इटलीत १९७०च्या दशकात फेर्नांदो दि लेओसारखे दिग्दर्शक धडाधड गुन्हेपट काढत होते. समीक्षकांनी त्यांना तेव्हा दारात उभं केलं नाही. २००४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवाने अशाच दुय्यम मानलेल्या इटालियन चित्रपटांचा खास विभाग भरवला आणि जुन्या प्रिंटा नव्या करून दाखवल्या. हाँगकाँगने तर २००१ मध्ये स्वतंत्र चित्रपट संग्रहालय उघडलं, आणि ज्या गावाचा सिनेमाच मुळी मारामारीवर उभा, त्याने ती लपवली नाही. आपण मात्र सत्तरच्या दशकातल्या 'अँग्री यंग मॅन'वर पुस्तकं लिहितो, अंडरवर्ल्डपटांवर परिसंवाद घेतो, आणि मुंबईच्या पडद्यावर ठोसा मारायला ज्यांनी शिकवलं त्यांचा एक डबा शोधत नाही.

तिसरी तक्रार लहान आहे, पण मला बोचते. पडद्यावर मार खाणाऱ्या फायटरांची नावं श्रेयनामावलीत बहुधा नसायची. त्यांच्या घरचे लोक अजून लालबाग, परळ, दादर भागात आहेत. कुणाचे आजोबा घोड्यावरून पडले, कुणाचे जिन्यावरून. त्यांच्या कपाटांत फोटो आहेत, सेटवरचे, मागे हाताने लिहिलेल्या नावांसकट. चाळी पुनर्विकासात जाताना ही कपाटं रिकामी होतायत. रद्दीवाला फोटो वजनावर घेतो.

तर माझ्या मागण्या अशा.

संग्रहालयाने भगवान पालव यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रत्येक चित्रपटाचं नाव घेऊन जाहीर करावं की त्याचं काय उपलब्ध आहे. प्रिंट, निगेटिव्ह, तुटके रीळ, चोपडी, पोस्टर, फोटो, काहीही. नसेल तर 'नाही' असं लिहावं. 'नाही' हे उत्तरही शोधणाऱ्याच्या कामाचं असतं. यादी मराठीत आणि हिंदीतही हवी, कारण ज्यांच्या माळ्यावर डबे आहेत त्यांना इंग्रजी संकेतस्थळ चाळायची सवय नाही. जमल्यास बाबूराव पहिलवान आणि त्या काळच्या इतर स्टंटपटवाल्यांची यादीही सोबत करावी, पण त्याच्यासाठी ही अडवू नये.

सांस्कृतिक कार्य विभागाने शोधमोहीम काढावी, आणि ती जिल्हा माहिती कार्यालयांमार्फत गावोगाव पोचवावी. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडे टुरिंग टॉकीजवाल्यांची कुटुंबं आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या नाझ इमारतीतल्या जुन्या वितरकांच्या कचेऱ्यांत फेरी मारली पाहिजे. यात्रेत एक टेबल मांडून बसलात तरी पुष्कळ कळेल. फिल्म देणाऱ्याला पावती द्या, डिजिटल प्रत द्या, त्याचं नाव नोंदवा. त्याच्यावर मालकी हक्काचे कागद दाखवायची सक्ती करू नका, नाहीतर तो डबा पुन्हा माळ्यावर टाकेल आणि तुम्हाला दार दाखवेल.

नायट्रेटसाठी एक दूरध्वनी क्रमांक आणि प्रशिक्षित माणूस द्या, जो स्वतः येऊन फिल्म घेऊन जाईल. हा खर्च फार नाही. घरात नायट्रेट ठेवणं धोक्याचं आहे हे लोकांना कळलं पाहिजे, पण 'जाळून टाका' किंवा 'पोस्टाने पाठवा' एवढंच सांगणारी व्यवस्था त्यांनी का ऐकावी?

स्वातंत्र्यापूर्वीच्या मुंबई सेन्सॉर मंडळाच्या नोंदी आणि राजपत्रातल्या याद्या, ज्यांत चित्रपटांची लांबी फुटांत दिलेली असे, त्या स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात. एखादा तुकडा हाती लागला की तो कुठल्या चित्रपटाचा हे ओळखायला अशाच कागदांचा आधार लागतो. चोपड्यांचंही तेच. संग्राहकांकडच्या चोपड्या विकत घेऊ नका हवं तर, पण स्कॅन करायला मागा. मी माझी देईन. माझ्या ओळखीतले आणखी काही देतील, असं त्यांनी मला सांगितलंय.

फायटरांच्या कुटुंबांच्या मुलाखती घ्या. हे काम विद्यापीठांतल्या सिनेमाच्या विद्यार्थ्यांना वाटून देता येईल, त्यांना विषय मिळेल आणि तुम्हाला सामग्री. मुलं लालबागमध्ये पायी फिरली तर त्यांच्या प्रबंधाचंही भलं होईल.

आणि चेंबूरला, जिथे जागृती स्टुडिओ होता तिथे, एक साधी पाटी लावा. संगमरवराची नको. त्यावर 'अलबेला'च्या आधीच्या चित्रपटांची नावं असावीत.

पुतळा, पुरस्कार, त्यांच्या नावाने रस्ता, यांपैकी काहीही मी मागत नाही. तसली घोषणा झाली तर कृपया ती मागण्या मान्य झाल्याचं लक्षण समजू नका.

२०२२ मध्ये संग्रहालय महामंडळात विलीन झाल्यापासून कुठलं काम कुणाकडे, हे बाहेरच्या माणसाला कळेनासं झालंय. म्हणून हे पत्र दोघांना लिहिलंय. महामंडळाने शासनाकडे बोट दाखवू नये आणि शासनाने महामंडळाकडे. दोघांनी मिळून एका अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं, त्याच्या बदलीनंतर दुसऱ्याचं. मला वैयक्तिक उत्तर नको. संकेतस्थळावर मराठीत छापा, म्हणजे म्हसवडचा टॉकीजवालाही वाचेल.

आपला,
एका टुरिंग टॉकीज ऑपरेटरचा मुलगा
दादर, मुंबई